शिवण बाहेरच्या बाजूला

माझ्या लेकीबद्दल कुणी टेबलाच्या पलीकडे बसून प्रश्न विचारायला लागलं की माझं डोकंच फिरतं. हे काही आजचं नाही. ती शाळेत जायला लागली तेव्हापासून मी अशा टेबलांसमोर बसत आलेय. पलीकडे कधी वर्गावरच्या बाई, कधी हेडमास्तर, तर कधी सासरकडची एखादी दीडशहाणी. टेबल नसलं तरी सूर तोच. ‘मुलगी जरा वेगळी वाटते हो तुमची.’ वेगळी म्हणजे काय? तुमच्यासारखी हवी होती का? असं विचारून मी एकेकीला गप्प केलंय. त्यामुळे लेक चाळिशीला टेकली असताना एक दिवस म्हणाली, ‘आई, माझ्याबरोबर डॉक्टरांकडे चल, त्यांना माझ्या लहानपणाबद्दल तुला विचारायचंय,’ तेव्हा मी कंबर कसूनच निघाले.

आधी काय झालं होतं ते सांगते. माझी नात पाच वर्षांची झाली तेव्हा तिला ऑटिझम आहे असं निघालं. मराठीत म्हणे स्वमग्नता म्हणतात. आता ज्याने हा शब्द काढला त्याने असं एखादं पोर घरात वाढवलेलं नसणार. माझी नात स्वतःत कुठली मग्न, ती पंख्यात मग्न असते, नळाच्या धारेत मग्न असते, माझ्या चपलेच्या बक्कलात मग्न असते. पण ते असो. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. पोरीला आवाज सोसत नाही म्हणून कानांवर लावायला मऊ झाकणं दिली, शाळेला सांगून वर्गात एक शांत कोपरा मिळवून दिला. वर्षभरात पोर खुलली. मी पहिल्यांदा नाक मुरडलं होतं, पण जे दिसतं त्याला नाही कसं म्हणणार.

झालं असं की डॉक्टरीणबाई नातीबद्दल एकेक सांगत होत्या, आणि माझी लेक समोर बसून मनात म्हणत होती, अरे, हिला माझं कुणी सांगितलं?

त्यातच तिच्या ऑफिसचं प्रकरण निघालं. लेक नकाशे तपासते. छापायला जायच्या आधी नदी नदीच्या जागी आणि रस्ता रस्त्याच्या जागी आहे ना, हे बघायचं काम. त्या कामावर तिचा फार जीव. इतकी वर्षं तिला एक छोटी खोली होती, दार लावलं की ती आणि नकाशे. आता ऑफिसने सगळ्या भिंती पाडून एकच मोठा हॉल केला. फोन वाजतायत, कुणी हसतंय, कुणी खातंय, डोक्यावर पांढरे दिवे. लेक दोनदा काम अर्धं टाकून जिन्यात जाऊन उभी राहिली. तिचे साहेब तसे वाईट नाहीत. म्हणाले, डॉक्टरांनी काही लिहून दिलं तर तुम्हाला खोली देता येईल, नाहीतर उद्या सगळेच खोली मागतील. म्हणजे नातीचं तेच लेकीलाही आहे, याला डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या तर नोकरी टिकते, नाही म्हणाल्या तर ती सोडायची. आणि मोठ्या माणसाच्या बाबतीत त्यांना नुसतं आजचं बघून चालत नाही. हे लहानपणापासून होतं का, ते पाहिलेल्या माणसाने सांगावं लागतं. तिचे बाबा जाऊन काही वर्षं झाली. उरले मी.

डॉक्टरीणबाईंची खोली छोटी, स्वच्छ. भिंतीला फिकट निळा रंग, खिडकीत कुंडी. खुर्च्या मात्र भिकार, आत नुसता फोम. आमचं खुर्च्या-सोफे भरायचं दुकान होतं, त्यामुळे कुठेही गेलं की आधी मी बूड टेकून बघते. लेक माझ्या शेजारी बसली, हात मांडीखाली दाबून. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्याच वयाच्या असतील.

‘काकू,’ त्या म्हणाल्या, ‘घाई नाही. आठवेल तसं सांगा. लहानपणी हिला कपड्यांचा काही त्रास व्हायचा? टोचतं, नको, असं काही?’

‘छे हो. मी जे घालीन ते घालायची. तक्रारीचा एक शब्द नाही.’

‘आवाजाचा?’

‘आमच्या दुकानात दिवसभर हातोडी चालायची. त्या आवाजात वाढलीय ती.’

‘बोलताना डोळ्यांत बघायची?’

‘मोठ्यांसमोर मान खाली. आमच्या घरचं वळणच तसं आहे.’

‘मैत्रिणी होत्या?’

‘होत्या की. घरी यायच्या.’

‘रोजच्यापेक्षा काही वेगळं झालं, शाळा बदलली, वर्ग बदलला, तर त्रास?’

‘अजिबात नाही. शहाणी होती माझी मुलगी. दृष्ट लागावी इतकी शहाणी.’

बोलता बोलता मी अशी रंगले की विचारू नका. जणू समोर हेडमास्तरच बसलेत आणि पोरीला शाळेतून काढायचं म्हणतायत. डॉक्टरीणबाई ऐकत होत्या. शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं आणि लेकीकडे वळल्या. ‘आईंच्या सांगण्यावरून लहानपणी काहीच दिसत नाही. आणि तेव्हा काही नसेल तर मला हे नाव देता येणार नाही. आत्ताचा त्रास खरा आहे, पण तो ताणाचा असू शकतो. तुम्हाला आणखी काही आठवलं तर पुन्हा या.’

मी मनात म्हटलं, जिंकलो. लेकीकडे पाहिलं तर तिचा चेहरा पांढराफटक. तेव्हा कुठे मला आठवलं की आज आपण हरायला आलो होतो.

ती माझ्या घरी आली. दुकानाच्या मागे दोन खोल्या, त्यात आमचा सगळा संसार झाला. दुकानाचं शटर हे गेल्यापासून खालीच आहे. लेक स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली. लहानपणीही अशीच बसायची. मी चहा टाकला आणि माझं सुरू झालं.

‘मी काय खोटं बोलले सांग. एक शब्द खोटा असेल तर जीभ झडेल माझी.’

‘तू खोटं नाही बोललीस,’ ती म्हणाली. ‘तेच तर.’

‘मग?’

‘माझ्या फ्रॉकांची शिवण बाहेरच्या बाजूला का असायची?’

मी गाळणं शोधायला लागले. ते हातातच होतं.

‘सगळे फ्रॉक उलटे असायचे, आई. शिवण बाहेर, आतून सपाट. मला वाटायचं फ्रॉक असेच असतात. मग शिकायला बाहेर गेले, वसतिगृहात राहिले, पहिल्यांदा दुकानातले कपडे घातले. दिवसभर अंगावर मुंग्या. इतर मुली तेच घालून हसत-खिदळत फिरायच्या. मला वाटलं मीच नाटकी आहे. गोंगाट सहन होईना, वाटलं मी माणूसघाणी आहे. घरी होते तोवर मी ठीक होते आणि बाहेर पडून बिघडले, असं मला इतकी वर्षं वाटत आलंय. स्वतःची लाज वाटायची. बिघडले तर ती माझीच चूक, नाही का?’

ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं, पाठीवर हात फिरवायला निमित्त मिळालं असतं. पण असं अचानक हात लावलेलं तिला चालत नाही, हे मला ती चालायला लागायच्या आधीपासून ठाऊक. मी चहाचा कप तिच्यापासून हातभर अंतरावर ठेवला आणि मागे सरले. तो कप तसा ठेवताना माझ्या ध्यानात आलं की मी हे आयुष्यभर करत आलेय, आणि डॉक्टरीणबाईंना मी हे सांगितलं नाही, कारण हे सांगण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलंच नाही.

आमच्या धंद्याचा नियमच तो. गिऱ्हाइकाला वरचं कापड दिसलं पाहिजे, ताणलेलं, सुरकुती नसलेलं. खाली पट्ट्या किती ताणल्या, स्प्रिंगा कशा बांधल्या, काथ्या कुठे जास्त घातला, ते त्याला कळता कामा नये. खिळ्याचं डोकं दिसलं की हे अख्खी खुर्ची उसवायचे. मीही चाळीस वर्षं तेच शिकले आणि पोरही तशीच वाढवली. झाकली मूठ सव्वा लाखाची. फक्त पोरीलाही मुठीत काय आहे ते दाखवलं नाही, ही आमची अक्कल.

पण मला भीती वाटत होती, ती सांगितलीच पाहिजे. ह्यांनी आणि मी जे केलं ते लाडाने केलं. ते सगळं आता डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर मांडायचं, आणि त्यांनी प्रत्येकावर बोट ठेवून म्हणायचं की हे लक्षण, हे लक्षण. मग आमच्या हातात काय राहिलं? माणूस गेल्यावर मला एवढंच तर उरलं होतं. ती दोघं बाप-लेक दुकानात कशी बसायची, ते. ते मी दुपारी आडवी झाले की काढून बघते. त्याला दवाखान्याचा वास लागला तर, असं वाटत होतं.

लेक गेल्यावर मी शटर उचललं. पूर्ण नाही, कमरेपर्यंत, आणि वाकून आत शिरले. काथ्याचा वास अजून तसाच. ह्यांची बैठक, लोहचुंबकाच्या तोंडाची हातोडी, वाकड्या सुया. तिथे बसून मी काय ठरवलं असं विचाराल तर काही नाही. नुसती बसले. ह्यांची आठवण आली आणि पोटभर रडले. मग लेकीला फोन केला की परत वेळ घे म्हणून.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, ‘तुम्ही प्रश्न विचारू नका. तुम्ही विचारलंत की मला राग येतो. मी सांगते, तुम्ही ऐका.’

त्या हसल्या आणि मागे टेकून बसल्या. लेक दचकून माझ्याकडे बघायला लागली.

मी सांगाड्यापासून सुरुवात केली. जुना सोफा दुरुस्तीला आला की हे त्याचं कापड, कापूस, स्प्रिंगा सगळं उतरवायचे. उरायचा लाकडी सांगाडा, खाली पोकळ. आमची पोर रांगायला लागली तशी त्या पोकळीत जाऊन बसायला लागली. मी ओढून काढायची, ती पुन्हा आत. हे म्हणाले, ‘राहू दे मुंगीला.’ तेव्हापासून ती मुंगी. मग ह्यांनी तिच्यासाठी एक सांगाडा कायमचा ठेवून दिला. दुरुस्तीला एवढे सोफे आले-गेले, तो एक तसाच. आत गोणपाट लावलं, कारण तिला गोणपाटावर गाल घासायला आवडायचं. मखमलीला बोट लागलं की मात्र दात शिवशिवल्यासारखं तोंड करायची. लोकांच्या पोरांना मखमल आवडते, आमच्या पोरीला गोणपाट. माझी नणंद म्हणायची, ‘वहिनी, पोर सोफ्याखाली काय ठेवतेस, मांजर आहे का ती?’ मी म्हणायची, ‘मांजर असती तर तुमच्या मांडीवर आली असती. अक्कल आहे म्हणून खाली बसते.’

‘बोलायला केव्हा लागली?’ डॉक्टरीणबाईंनी न राहवून विचारलंच.

‘उशिरा. सगळे म्हणत होते मुकी निघणार. आणि एक दिवस सांगाड्यातून आवाज आला, “बाबा, डावीकडची स्प्रिंग सैल आहे.” पहिलं वाक्य. आई नाही, दूध नाही. स्प्रिंग.’

‘होती का सैल?’

‘ते कुणाला आठवतंय! आम्ही दोघं रडत होतो.’

मग फ्रॉकांचं सांगितलं. बाजारातला फ्रॉक घातला की पोर अंग ओरबाडून घ्यायची. आधी वाटलं हट्ट आहे. एकदा चिडून मी फ्रॉक उलटाच चढवला, म्हटलं फीर अशीच. आणि पोर शांत. दिवसभर शांत. मग मी तिचे सगळे कपडे तसेच शिवायला लागले, शिवण बाहेर काढून त्यावर रंगीत नाडी चढवायची, की बघणाऱ्याला वाटावं नक्षीच आहे. शाळेतल्या एकदोन आयांनी तर माझ्याकडून तसे फ्रॉक शिवूनही घेतले, नवीन फॅशन म्हणून.

मैत्रिणी किती होत्या, तर एक. समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्याची मुलगी. ती यायची ती स्प्रिंगांवर उड्या मारायला. ती वर उड्या मारायची, आमची खाली सांगाड्यात बसून बघायची. दोघी एकमेकींशी चकार शब्द बोलायच्या नाहीत. पण ती आली नाही की आमची दारात जाऊन उभी राहायची. याला मैत्रीण म्हणतात की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मी म्हणते.

आणि शाळा. दरवर्षी वर्ग बदलायचा. पहिल्या वर्षी पोरीने दाराची चौकट धरून असा आकांत केला की चार माणसांना बोटं सोडवेनात. मग हे शाळेच्या शिपायाकडे गेले. हे, जे गिऱ्हाइकाशी बोलायला मला पुढे करायचे! गिऱ्हाईक आलं की हे त्याच्या तोंडाकडे बघायचेच नाहीत, तो बसतो कसा ते बघायचे. लग्न झाल्यावर पहिले कित्येक दिवस मला वाटलं, माणूस नाराज आहे माझ्यावर. मग एके सकाळी माझी खुर्ची पाठीला वेगळी लागली. माझ्या कमरेत दुखायचं ते मी कुणाला बोलले नव्हते. ह्यांनी न विचारता खुर्ची उसवून माझ्या मापाने भरली होती. त्या दिवशी माझी भीती गेली. तर असा हा माणूस शिपायाकडे गेला आणि म्हणाला, सुट्टीत वर्ग उघडून द्या, मी तुमच्या हेडमास्तरांची खुर्ची भरून देतो. मग बाप-लेक रिकाम्या शाळेत जायची. नव्या वर्गात बसायची. खिडकी कुठे, फळा कुठे, दार कुठल्या बाजूला उघडतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. शाळा सुरू व्हायच्या आधी तो वर्ग पोरीच्या तोंडपाठ. पुढे कुठल्याच वर्षी तिने आकांत केला नाही. म्हणून तुम्हाला म्हटलं, अजिबात त्रास नव्हता.

डॉक्टरीणबाई आता लिहीत नव्हत्या. लेक माझ्याकडे बघत होती, नेहमीप्रमाणे डोळ्यांत नाही, माझ्या हनुवटीकडे.

‘आणि आवाज?’ डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं. ‘हातोडीच्या आवाजात वाढली म्हणालात.’

ते मला सांगायचं नव्हतं. ह्यांनी मला कधी कुणाला बोलू नकोस म्हणून सांगितलं होतं. पण अर्धं उसवून कुणी ठेवतं का?

त्या काळी हवेवर चालणारी बंदूक आली होती. पिना मारायची. चाप दाबला की फाट, पीन आत. हातोडीने दिवसभर लागणारं काम तासाभरात. गल्लीतल्या सगळ्यांनी घेतली. ह्यांनीही घेतली, आणि कसे खूश होते. एका नाट्यगृहाच्या सगळ्या खुर्च्या भरायचं काम चालून आलं होतं, त्याच जोरावर. दुकानात पहिल्यांदा चाप दाबला, आणि सांगाड्यातून जे ओरडणं आलं ते माणसाचं वाटेना. पोरीने स्वतःचा हात चावून रक्त काढलं होतं. ह्यांनी बंदूक खाली ठेवली. तिला उचललं नाही, उचललेलं सोसणार नाही हे ठाऊक. सांगाड्याबाहेर जमिनीवर पालथे झोपले, तिच्या डोळ्यांच्या पातळीवर, आणि बोटाने लाकडावर टकटक करत राहिले, अगदी हळू, ती थांबेपर्यंत. दुसऱ्या दिवशी बंदूक परत केली. नाट्यगृहाचं काम नाही म्हणून कळवलं. पुढे आयुष्यभर हातोडीने खिळे मारले, आणि प्रत्येक खिळ्याआधी लाकडावर हळूच एक टकटक, की पोरीला कळावं आता आवाज येणार आहे. पोर मोठी होऊन शिकायला गेली, तरी ती सवय सुटली नाही. दुकान रिकामं, कुणी ऐकायला नाही, आणि हे टकटक करून मग खिळा मारतायत. मी मागच्या खोलीत ऐकायची.

‘बाबा जुन्या वळणाचे होते म्हणून,’ लेक म्हणाली. ‘मशीनला घाबरायचे म्हणून. सगळे म्हणायचे. मीसुद्धा म्हणायचे. मी त्यांना कितीदा सांगितलं, बाबा, आता तरी बंदूक घ्या.’

‘हसायचे ते. तू असं म्हणालीस की मला येऊन सांगायचे, मुंगीला काही आठवत नाही. आनंद व्हायचा त्यांना.’

लेकीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि रडायला लागली. मोठ्याने, लहान पोरासारखी. मी हात लावला नाही. डॉक्टरीणबाईंनीही नाही, शहाणी बाई. आम्ही दोघी बसून राहिलो. मलाही रडू येत होतं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटत होतं. मला वाटलं होतं हे सगळं सांगितलं की माझ्याकडचं कमी होईल. तसं झालं नाही. आता ते दोघींकडे होतं.

बऱ्याच वेळाने डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘हो. लहानपणापासूनच आहे. मला शंका नाही. ऑफिससाठी लिहून देते.’ मग म्हणाल्या, ‘काकू, तुमच्या मिस्टरांबद्दल…’

‘ह्यांना आता कशाला तपासता,’ मी म्हटलं. ‘सुटले ते.’

‘नाही, तपासत नाही. गेलेल्या माणसाबद्दल मला काही सांगताही येणार नाही. एवढंच म्हणत होते, त्यांना न विचारता बरंच कळत होतं.’

मी मान हलवली. मला काय कळायचं ते कळलं होतं. पाचव्या वर्षी नातीला कळलं, चाळिशीला लेकीला. ह्यांना ते नाव कधीच मिळालं नाही, आणि त्यांनी मागितलंही नसतं. पण दुकानात त्या दोघांची जी भाषा चालायची, ती मी इतकी वर्षं बाहेर बसून ऐकत होते, तिचा थोडा अर्थ त्या दिवशी मला लागला.

आम्ही बाहेर पडलो. रस्त्यावर शाळा सुटल्याची गर्दी, बसस्टॉपवर बाकही रिकामं नाही. माझ्या तोंडात तर नुसता पूर आलेला. तिला सांगायचं होतं की बाबा पहिल्यांदा तिला वसतिगृहात सोडून आले तेव्हा काय म्हणाले, आणि हेही की साहेबांनी खोली दिली की खुर्ची मात्र ऑफिसची घेऊ नकोस, मी भरून देते, अजून हात चालतात माझे. मी तोंड उघडलंच होतं.

‘आई,’ लेक म्हणाली. ‘घरी पोचेपर्यंत माझ्याशी बोलू नकोस. आता आणखी आवाज नको. माझ्या शेजारी बस, पण बोलू नकोस.’

मला आतापर्यंत असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. पण या पोरीने जन्मात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. खाऊ नाही, खेळणं नाही, हे टोचतं नाही, ते नको नाही. मला त्याचा केवढा अभिमान होता, सगळ्यांना सांगायची की आमची पोर काही मागत नाही. तिने मागायच्या आधीच आम्ही दोघं धावायचो, मग तिला मागता यायचं कसं. आज, तिचे केस पांढरे व्हायला लागल्यावर, तिने भर रस्त्यात मला स्वतःच्या तोंडाने सांगितलं की मला हे हवंय आणि हे नकोय.

बस आली. आम्ही शेजारी शेजारी बसलो. मला खूप बोलायचं होतं. मी बोलले नाही.